गॅस संपत नसतो

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अम्मीच्या खोलीतला एसी थंड करीनासा झाला. एकदम बंद पडला असता तर निदान बिघाड आहे हे तरी कळलं असतं. तसं नव्हतं. लावला की पंधरा-वीस मिनिटं गारवा यायचा, मग नुसता वारा. पहाटे जरा बरं, दुपारी मात्र खोलीत आणि जिन्यात काही फरक नाही. पनवेलचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. इथला पारा चंद्रपूर-अकोल्यासारखा चढत नाही, पण खाडीकडची दमट हवा अंगाला चिकटून बसते. घाम येतो आणि वाळत नाही. अम्मीचं वय 76, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. रात्री दोन-दोनदा उठून ती बाल्कनीत जाऊन बसायला लागली.

ओळखीतून एक मेकॅनिक बोलावला. त्याने इनडोअरपुढे हात धरला आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय." बाहेरच्या युनिटला नळी जोडली, सिलिंडर उघडला, दहा मिनिटांत काम संपलं. 2,800 रुपये. मी दिले, एक शब्द बोललो नाही. आदल्या वर्षी याच सुमारास याच मशीनमध्ये गॅस भरला होता, हेही मला तेव्हा आठवलं नाही.

आठवडाभरात मशीन पुन्हा तसंच. उलट आधीपेक्षा वाईट.

मग मामेभावाच्या मुलाला फोन केला. तो तळोज्याला राहतो. आयटीआय केली, सात वर्षं कतारमध्ये मोठ्या इमारतींच्या देखभालीचं काम केलं आणि आता इथेच स्वतःचं काम करतो. त्याने फोनवरच चार प्रश्न विचारले. मशीन किती वर्षांचं? सुरुवातीला गार होतं की कधीच नाही? बाहेरचा पंखा फिरतो का? आणि शेवटचा गॅस कधी भरला?

तो आला तेव्हा त्याच्याकडे सिलिंडर नव्हता. खुर्ची ओढून वीस मिनिटं मशीनसमोर बसून राहिला. मला वाटलं, याला काही सुचत नाहीये. मग पिशवीतून छोटा थर्मामीटर काढून मशीनमध्ये वरून जाणारी हवा मोजली आणि खालून बाहेर येणारी मोजली. वर 30, खाली 26. "चार अंशांचाच फरक. आठ ते बारा पाहिजे," एवढंच बोलला. मग मागच्या खिडकीशी गेला. आमचं बाहेरचं युनिट चौथ्या मजल्यावर डक्टच्या बाजूला लोखंडी ब्रॅकेटवर लटकवलेलं आहे. त्याने कमरेला पट्टा बांधला, दोर आतल्या खांबाला अडकवला आणि बाहेर वाकला. युनिटच्या पाठीमागची जाळी धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी गोधडीसारखी भरलेली. आतला पंखा फिरत होता, पण आळसावून. त्याचा कॅपॅसिटर फुगलेला.

"चाचा, गॅस काय पेट्रोल नाही, जळून संपायला," तो म्हणाला. "हा पंखा घरातली गरमी बाहेर फेकतो. तोच दमलाय, त्यात जाळी बंद. गरमी जाईल कुठे? कॉम्प्रेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. थंड झाला की परत चालू. म्हणून तुम्हाला पंधरा मिनिटं गारवा, मग वारा. आणि तुम्ही वरून गॅस भरलात."

दुसऱ्या दिवशी तो रिकामा सिलिंडर, गॅस काढायचं मशीन आणि वजनकाटा घेऊन आला. हवेत न सोडता गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि तोलला. 1,130 ग्रॅम. मशीनच्या पाटीवर कंपनीने छापलेलं माप होतं 860 ग्रॅम. म्हणजे आमचा गॅस कमी नव्हताच. पाव किलोहून जास्त होता आणि त्या जादा गॅसने दाब वाढवून दमलेल्या कॉम्प्रेसरचा श्वास आणखी कोंडला होता. त्याने जाळी धुतली, 250 रुपयांचा कॅपॅसिटर बदलला, गॅस मोजून 860 ग्रॅम भरला. त्या रात्री अम्मी पहाटेपर्यंत उठली नाही.

खरी गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. हिशेबाच्या वेळी त्याने कॅपॅसिटर, धुलाई आणि गॅसच्या कामाचे पैसे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "आणि तपासणीचे पाचशे." माझ्या तोंडून पटकन गेलं, "अरे, नुसतं बघायचे पाचशे? घरचाच ना तू?" तो हसला. "राहू द्या चाचा," म्हणाला आणि पाचशे सोडून निघून गेला.

त्या गार खोलीत रात्री मला झोप लागेना. चुकीच्या गॅसचे 2,800 मी निमूट दिले होते. ज्याने दोष शोधला, त्याच्या पाचशेला मात्र घासाघीस केली. का? पहिल्याने काहीतरी 'भरलं' होतं. दुसऱ्याने फक्त डोकं वापरलं होतं.

आपल्याकडे डॉक्टरांच्या बाबतीतही हेच होतं. तपासून, गोळ्याही न देता "विश्रांती घ्या, पाणी प्या" म्हणणारा डॉक्टर आपल्याला पटत नाही. सुई टोचली की पैसे वसूल. मग डॉक्टरही टोचायला शिकतात. एसीतला गॅस म्हणजे मेकॅनिकची सुई आहे. आपण निदानाला पैसे देत नाही, म्हणून आपल्याला गॅस विकला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

आधी गॅसचं समजून घेऊ. एसीतला गॅस तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो, शरीरात रक्त फिरतं तसा. आत खोलीची उष्णता उचलतो, बाहेर जाऊन टाकतो, परत येतो. तो खर्च होत नाही. दहा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. जोडाच्या नटाशी, कॉइलला पडलेल्या बारीक छिद्राशी. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. "दर वर्षी थोडा गॅस भरावाच लागतो" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते आपल्याला एसीचा नियम वाटतो. तो नियम नाही, तो दुरुस्त न केलेल्या गळतीचा वार्षिक हप्ता आहे.

गळती होतच नाही असं नाही. आपल्या भागात जरा जास्तच होते. तांब्याला खारा वारा मानवत नाही आणि गंधकाची वाफही मानवत नाही. पनवेलकरांच्या वाट्याला खाडी आहे आणि शेजारी तळोज्याची एमआयडीसीही आहे. धुळीचं तर विचारूच नका. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं चाललेली बांधकामं, विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी, खडी-मातीचे डंपर. ही सगळी धूळ बाहेरच्या युनिटच्या जाळीत जाऊन बसते. पुस्तकात लिहिलेली 'वर्षातून एकदा सर्व्हिसिंग' ही अट स्वच्छ गावासाठी आहे. इथे पावसाळ्याआधी आणि उन्हाळ्याआधी दोनदा जाळी धुतली पाहिजे.

म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी पंधरा मिनिटं आपण स्वतः द्यावीत. यासाठी स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. रिमोट 'कूल'वर आहे की मुलांनी 'फॅन' किंवा 'ड्राय' केलाय, ते आधी पाहा. हसू नका, यापायीच मेकॅनिकच्या कितीतरी फेऱ्या होतात. मग पुढचं झाकण उचलून फिल्टर काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. उन्हाळ्यात हे दर पंधरवड्याला. फिल्टर तुंबला की हवा कमी जाते आणि आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ दिसला तर लगेच मशीन बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ वितळू द्या. फिल्टर साफ असूनही बर्फ पुन्हा धरत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शंका रास्त आहे. नंतर बाहेरच्या युनिटचा आवाज ऐका. पंखा जोरात फिरतो का, त्यातून गरम हवा येते का? पंखा थांबलाय आणि आत नुसती घूंऽऽ अशी घरघर आहे, तर बहुधा कॅपॅसिटर गेलाय. शेवटी ती नळी पाहा, जिच्यातून पाणी ठिबकतं. पनवेलच्या दमट हवेत चालू मशीनने तासाला लिटरभर पाणी सहज टाकावं. पाणी बाहेर न पडता भिंतीवर ओघळत असेल तर नळी तुंबलीय. पाणीच येत नसेल तर मशीन थंडच करत नाहीये.

या पाण्याचं महत्त्व आपण विसरतो. विलिस कॅरियरने 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हे यंत्र आखलं, तेव्हा माणसांना गारवा द्यायचा नव्हता. दमट हवेने कागद फुगत होता, रंग जागचे हलत होते, ते थांबवायचं होतं. एसीचा जन्मच हवा सुकवण्यासाठी झाला. आपल्याकडे तर त्याची बरीच ताकद त्यातच जाते. खिडकी फटीएवढी उघडी राहिली तरी मशीन रात्रभर खाडीचं पाणी गाळत बसतं.

कधी कधी मशीनमध्ये काहीच दोष नसतो. वरच्या मजल्यावरचं घर, दिवसभर तापलेला स्लॅब, पश्चिमेची काच आणि एक टनाचं यंत्र. टन म्हणजे वजन नव्हे. टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढायची ताकद. स्लॅबमधून त्याहून जास्त उष्णता येत असेल तर गॅस काय करणार? अशा वेळी गच्चीला पांढरा चुना आणि खिडकीला जाड पडदा हाच इलाज. आणि रिमोट 16 वर नेला म्हणजे लवकर गार होतं, हाही भ्रमच. साधं मशीन 16 वर असो की 24 वर, त्याच जोराने चालतं. 16 वर ते फक्त थांबायचं विसरतं. 2020 पासून स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचं तापमान 24 ठेवायचा नियम उगाच झालेला नाही.

हे सगळं पाहूनही गारवा नसेल तर मेकॅनिक बोलवावा. तो "गॅस" म्हणाला तर शांतपणे विचारावं: गळती कुठे आहे? नायट्रोजन भरून, साबणाचं पाणी लावून दाखवशील का? भरण्याआधी व्हॅक्यूम करणार का? पाटीवर किती ग्रॅम लिहिलंय आणि तू किती भरणार? वजनकाटा आणलाय का? भांडायच्या सुरात नको. हे प्रश्न विचारल्यावर चांगला कारागीर खूश होतो, त्याला ओळखणारं गिऱ्हाईक भेटलेलं असतं. दुसरा घड्याळ पाहू लागतो. माप हा विषय आपल्याला नवा नाही. कुराणातल्या एका सूरहचं नावच, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांवरून आहे. आमच्या मशीनमध्ये गंमत अशी, की माप कमी नव्हतं, जास्त होतं. पण न मोजता घातलेलं जास्तही खोटं मापच.

आता दुसरी बाजू. सगळा दोष त्या पहिल्या मेकॅनिकवर टाकून मी मोकळा होणार नाही. एसीचा हंगाम मार्च ते जून. या चार महिन्यांत वर्षाची कमाई करायची. दिवसाला सात-आठ घरं, मधे ट्रॅफिक, प्रत्येक घरात "लवकर कर, मुलं उकडतायत". ज्याला दहा मिनिटांतच पैसे मिळतात तो वीस मिनिटं खुर्चीवर का बसेल? त्यातले बरेच कुणाच्या तरी हाताखाली पाहून पाहून शिकलेले. आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. सरकारच्या 2019 च्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. पण प्रमाणपत्र पाहून आपल्यापैकी कुणी मेकॅनिक निवडतो का? आपण विचारतो, "किती घेणार?"

आणि हे काम अर्धवट शिकून करण्यासारखं राहिलेलं नाही. नव्या मशीनमधला आर-32 हा गॅस थोडा का होईना, पेट घेणारा आहे. गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरला तर आतल्या तेलाशी मिळून स्फोट होऊ शकतो. त्यात ती जागा. बिल्डर आपल्याला मॉड्युलर किचन दाखवतो, बाहेरच्या युनिटची जागा दाखवत नाही. मग ते डक्टमध्ये, छज्जाच्या टोकाला, ग्रिलच्या पलीकडे लटकतं. तिथे एखादा विशीतला पोरगा एका हाताने पाइप धरून उभा राहतो आणि आपण आतून चहाचा कप घेऊन सांगतो, "जरा अजून वाकून बघ ना." त्याने पट्टा बांधला नसेल तर काम थांबवणं ही घरमालकाचीही जबाबदारी आहे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडतो, तिथे पाच मिनिटं या जागेवरही बोलावं.

आमच्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुलं या धंद्यात आहेत. कुर्ल्यापासून महाडपर्यंत फ्रिज-एसीच्या दुकानावर आपली नावं दिसतात. कोकणातल्या कितीतरी घरांत आखातातून आलेला पैसा याच पान्या-पकडीचा आहे. पण रिश्त्याची बोलणी निघाली की आवाज खाली येतो: "मुलगा ना... एसीचं काम करतो." ऑफिसात बसून बारा हजार मिळवणारा चालतो, दाब, वीज, उष्णता यांचं गणित डोक्यात ठेवून बिघाड शोधणारा 'मिस्त्री' ठरतो. ज्या समाजाला हुन्नरात डोकं लागतं हे मान्य नाही, त्याला हुन्नरातली फसवणूकच मिळणार. माझे सोडून दिलेले पाचशे रुपये हा त्या अनादराचा छोटासा हिशेब होता.

कुणी म्हणेल, एसी ही चैन, तिच्यावर एवढं काय लिहायचं? 16 एप्रिल 2023 ला आपल्याच पनवेल तालुक्यातल्या खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा 38 अंशांच्या आसपास होता, पण उघड्या मैदानात, दमट उन्हात तासन् तास बसलेल्या माणसांपैकी चौदा जण उष्माघाताने गेले. 38 हा आकडा विदर्भात कुणी दखल घेण्याजोगाही मानणार नाही. आपल्याकडची हवा आकड्यात मावत नाही, हे त्या दिवशी कळलं. म्हाताऱ्या, आजारी माणसासाठी मे महिन्यातला एक थंड कोपरा ही आता चैन राहिलेली नाही. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांना तर तोही नाही. उलट आपल्या युनिटची गरम हवा त्यांच्याच गल्लीत जाते. तुंबलेलं मशीन वीज जास्त खातं आणि तरी गारवा देत नाही. हवेत सोडलेला किलोभर आर-32 शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी गरमी वाढवतो. गळतं यंत्र फक्त आपल्या खिशाला गळत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्या मुलाला पाचशे पाठवले. त्याने परत केले. पुन्हा पाठवले, तेव्हा ठेवून घेतले.

यंदा मार्चमध्येच त्याला बोलावलं. मशीन चालू होतं, तक्रार काही नव्हती. त्याने पट्टा बांधला, जाळी पाहिली, पंखा पाहिला, थर्मामीटर धरला. फरक अकरा अंश. "काही नाही चाचा. फिल्टर धुत जा तेवढा." चहा प्यायला आणि उठला. मी पाचशेची नोट पुढे केली.

"कशाचे?" त्याने विचारलं.

"काही नाही, हे सांगितल्याचे."